ॲल्युमिनियमच्या चाकांची झिलई

मोटारगाडीच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या चाकाचा पृष्ठभाग क्रमाक्रमाने घासून, त्यात आरशाप्रमाणे प्रतिबिंब दिसेल इतका गुळगुळीत करण्याची क्रिया. व्यवहारात हिला ‘पॉलिश’ किंवा ‘बफिंग’ म्हणतात. कारखान्यात हे काम यंत्रांवर होते; परंतु गाडीचे चाक उतरवून घराच्या अंगणात किंवा रस्त्याकाठच्या लहान गॅरेजमध्ये हाताने अथवा विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्राने ते करण्याची पद्धतही रूढ आहे. वरवर पाहता हा केवळ हौसेचा विषय वाटतो. तथापि त्यामागे धातू उजळण्याच्या कलेचा दीर्घ इतिहास आहे आणि झिजून निघालेल्या धातूच्या धुळीचे काय करावयाचे, हा त्या इतिहासातील सर्वांत गंभीर प्रश्न आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार उद्‌बोधक ठरतो. कारण घरगुती कामशाळेत धातूला आरशासारखी झिलई देण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय या भागात नांदत आला आहे. शिवाय मुंबई–अहमदाबाद महामार्ग या दोन्ही तालुक्यांतून जातो.

तत्त्व : झिलई ही बाहेरून चढविण्याची वस्तू नव्हे. कल्हई, मुलामा व विद्युत् विलेपन या क्रियांत एका धातूवर दुसऱ्या धातूचा थर बसतो. झिलईत मात्र मूळ धातूच थोडाथोडा काढला जातो. ओबडधोबड पृष्ठभागावर पडलेले प्रकाशकिरण निरनिराळ्या दिशांना विखुरतात, म्हणून तो मंद दिसतो. पृष्ठभागावरील उंचसखलपणा दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा (सु. ०·४ ते ०·७ मायक्रोमीटर) पुष्कळ कमी झाला, म्हणजे किरण एकाच दिशेने परावर्तित होतात व प्रतिबिंब दिसू लागते. यासाठी प्रथम जाड, नंतर मध्यम व शेवटी अतिसूक्ष्म कणांचे अपघर्षक (घासणारे पदार्थ) वापरतात. प्रत्येक टप्प्यातील ओरखडे हे आधीच्या टप्प्यातील ओरखड्यांची जागा घेतात आणि अखेरचे ओरखडे डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात.

हीच कल्पना आयझॅक न्यूटन यांनी ऑप्टिक्स (१७०४) या ग्रंथात मांडली होती. न्यूटन यांनी स्वतःच्या परावर्तक दूरदर्शकासाठी धातूचे आरसे आपल्या हातांनी घासून तयार केले होते. पुढे लॉर्ड रॅली यांनी १९०१ मध्ये असे प्रतिपादन केले की, घासणे व झिलई देणे या क्रिया भिन्न असून झिलई देताना द्रव्य जवळजवळ रेणूंच्या प्रमाणात निघून जाते. जॉर्ज बीलबी यांनी १९२१ मध्ये वेगळे मत मांडले. त्यांच्या मते झिलई देताना पृष्ठभागावरील धातू द्रवाप्रमाणे वाहून खड्डे भरले जातात. बाउडन व ह्यूझ यांनी १९३७ मध्ये घर्षणजन्य उष्णतेचे महत्त्व दाखविले. व्यावहारिक दृष्ट्या सर्वांत उपयुक्त ठरलेला नियम मात्र काचेच्या झिलईच्या अभ्यासातून १९२७ मध्ये प्रेस्टन यांनी मांडला : द्रव्य झिजण्याचा वेग हा दाब व घासण्याचा वेग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. हाताऐवजी यंत्र वापरल्यास काम का लवकर होते, हे यावरून कळते. पण त्याच प्रमाणात धूळही लवकर निर्माण होते, हा या नियमाचा दुसरा अर्थ होय.

पूर्वपीठिका : धातू घासून आरसा करण्याची कला काचेच्या आरशांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. सिंधू संस्कृतीच्या स्थळी झिलई दिलेले ब्राँझचे आरसे सापडले आहेत. भारतात या कामासाठी कुरुंदाचा वापर प्राचीन काळापासून होत आला असून या खनिजाचे इंग्रजी नावही द्राविड भाषांतील शब्दावरून आले आहे. महाराष्ट्रात तलवारी, कट्यारी व भाल्यांची पाती घासून उजळणाऱ्यांना शिकलगार म्हणत. उजळणे या अर्थाच्या अरबी–फार्सी ‘सैकल’ या शब्दाशी या नावाचा संबंध आहे. म्हणजे झिलई हेच या लोकांच्या व्यवसायाचे व जातिनामाचे मूळ होय. शस्त्रांचा काळ संपल्यावर शिकलगार चाकू, कात्र्या व विळ्या यांना धार लावण्याच्या कामाकडे वळले.

घरातील तांब्यापितळेची भांडी उजळण्याचे काम स्त्रियांकडे असे. चिंचेच्या आंबटपणाने तांब्यावरील काळपट थर विरघळतो आणि राखेने तेलकटपणा जाऊन घासणीही होते. म्हणून चिंच व राख ही या कामाची सर्वपरिचित साधने होती. ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र हे ज्ञान पूर्णपणे उपयोगी पडले नाही. राख क्षारधर्मी असल्यामुळे ॲल्युमिनियमवरील संरक्षक ऑक्साइडाचा थर तिने विरघळतो व भांडे काळवंडते. धुण्याचा सोडा व दाहक सोडा यांचा परिणाम याहूनही तीव्र असतो. जुन्या धातूंच्या सवयी नव्या धातूला लागू पडत नाहीत, हा धडा पुढे चाकांच्या बाबतीतही गिरवावा लागला.

ॲल्युमिनियमचा प्रसार : हा धातू १८२५ मध्ये अर्स्टेड यांनी व १८२७ मध्ये व्होलर यांनी वेगळा केला. सँत-क्लेअर दव्हील यांनी १८५४ मध्ये व्यापारी उत्पादनाची पद्धत शोधली आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या कांड्या मौल्यवान वस्तू म्हणून मांडण्यात आल्या. वॉशिंग्टन स्मारकाच्या शिखरावर १८८४ मध्ये बसविलेले सु. २·८५ किग्रॅ. वजनाचे ॲल्युमिनियमचे टोक, बसविण्यापूर्वी न्यूयॉर्कमधील जवाहिऱ्याच्या दुकानात लोकांना पाहण्यासाठी ठेवले होते. हॉल व एरू यांनी १८८६ मध्ये स्वतंत्रपणे विद्युत् विच्छेदनाची पद्धत शोधल्यावर हा धातू झपाट्याने स्वस्त झाला.

भारतात ॲल्युमिनियमची भांडी बनविण्यास ॲल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ मध्ये मद्रासच्या कलाशाळेत प्रारंभ केला. प्रत्यक्ष धातूचे उत्पादन केरळातील अलुवाजवळ १९४३ मध्ये सुरू झाले. मराठी बोलीत या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ असे नाव पडले; वास्तविक जर्मन सिल्व्हर ही तांबे, निकेल व जस्त यांची निराळीच मिश्रधातू आहे. हलके वजन व कमी किंमत यांमुळे मातीच्या मडक्यांच्या व पितळी भांड्यांच्या जागी ॲल्युमिनियमचे टोप व पातेली आठवड्याच्या बाजारांतून खेड्यापाड्यांत पोहोचली. अशा प्रकारे तीस-चाळीस वर्षांत जवाहिऱ्याच्या काचेआडून निघालेला हा धातू पुढच्या अर्धशतकात गरिबाच्या चुलीवर आला आणि त्याच्या चकाकीचे अप्रूप सरले.

ती प्रतिष्ठा त्याला पुन्हा मिळाली ती दोन मार्गांनी. पहिला मार्ग विज्ञानाचा : बाष्परूपाने बसविलेला ॲल्युमिनियमचा ताजा थर दृश्य प्रकाशाचा सु. ९० टक्के भाग परावर्तित करतो व चांदीप्रमाणे लवकर काळा पडत नाही. म्हणून मौंट विल्सन येथील २·५४ मी. व्यासाच्या दूरदर्शकाच्या आरशावर १९३५ मध्ये चांदीऐवजी ॲल्युमिनियमचा थर देण्यात आला. दुसरा मार्ग वाहनांचा होय.

ॲल्युमिनियमची चाके : एत्तोरे बुगात्ती यांच्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या मोटारीला १९२४ मध्ये ओतीव ॲल्युमिनियमची चाके होती व ब्रेकचा पिंप त्यांतच अंतर्भूत केलेला होता. उद्देश शोभेचा नसून वजन कमी करणे व ब्रेकची उष्णता बाहेर टाकणे हा होता. अमेरिकेत १९४८ मध्ये मालमोटारींसाठी घडाई केलेली ॲल्युमिनियमची चाके आली. जर्मनीत पोर्श मोटारीसाठी फुक्स कंपनीने १९६६ मध्ये बनविलेल्या घडाईच्या चाकांमुळे अशा चाकांना सौंदर्यवस्तूचे मोल आले. आजची बहुतेक चाके सु. ७ टक्के सिलिकॉन व अल्प मॅग्नेशियम असलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूची ओतीव असतात व त्यांना उष्णता संस्कार देऊन बळकट करतात. भारतीय मोटारींची चाके दीर्घकाळ दाबीव पोलादाची व रंगविलेली असत. ॲल्युमिनियमच्या चाकांचा प्रसार १९९१ नंतरच्या आर्थिक बदलांच्या काळात मोटारींवर आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून मोटारसायकलींवर झाला. बाजारात त्यांना ‘अलॉय व्हील’ म्हणतात.

डहाणू–तलासरी परिसर : उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग १९६० मध्ये गुजरात राज्याकडे गेल्यावर महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरीचा स्वतंत्र विभाग झाला. डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी निर्माण झालेल्या पालघर जिल्ह्यात त्यांचा समावेश झाला. डहाणू तालुक्यातील चिंचणी व तिच्या आसपासच्या किनारी गावांत सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी लागणारे पोलादी साचे (डाय) तयार करण्याचा व्यवसाय घरोघरी व लहान कामशाळांतून चालत आला आहे. पोलादाच्या ठोकळ्यावर नक्षी उलटी कोरतात, ठोकळा तापवून व थंड करून कठीण करतात आणि त्यावर धातूचा पातळ पत्रा ठेवून दाबल्यावर पत्र्यावर नक्षी उमटते. साच्यावरील लहानसा ओरखडाही त्यावरून उठणाऱ्या प्रत्येक दागिन्यावर उमटत असल्यामुळे साच्याला दिलेली झिलई ही शोभा नसून कामाचा आवश्यक भाग असतो. साचा जितका आरशासारखा, तितके दागिना उजळण्याचे पुढील काम कमी. नजर, बोटांचा दाब व अपघर्षकाचा क्रम यांवर हे कौशल्य अवलंबून असते.

या व्यवसायाचा व चाकांच्या झिलईचा परंपरेने संबंध नाही. तत्त्व मात्र एकच आहे. फरक आहे तो धातूच्या स्वभावात व कामाच्या प्रमाणात. साचा तळहातावर मावतो, त्यातून निघणारी पोलादाची भुकटी अल्प असते. चाकाचा पृष्ठभाग मोठा, धातू मऊ व धूळ पुष्कळ. शिवाय ती धूळ ज्वालाग्राही असते.

केंद्र शासनाने २० जून १९९१ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार डहाणू तालुक्यातील उद्योगांवर पर्यावरणाच्या दृष्टीने निर्बंध घालण्यात आले. उद्योगांचे लाल, नारिंगी व हिरवा असे गट पाडून लाल गटातील उद्योगांना मनाई करण्यात आली. तिच्या अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. यामुळे मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना येथे वाव राहिला नाही आणि शेती, बागायती व मासेमारी यांच्या जोडीने लहान व घरगुती धंद्यांचे महत्त्व टिकून राहिले. अशा नियमनाचा रोख स्वाभाविकपणे धुराड्यांवर व सांडपाण्यावर असतो. अंगणातील धूळ त्याच्या मापात येत नाही.

घरगुती पद्धत : चाक थंड असताना साबणाच्या पाण्याने धुऊन ब्रेकची काळी पूड काढून टाकतात. बहुतेक नव्या चाकांवर पारदर्शक रोगणाचा थर असतो. तो असेपर्यंत धातूला झिलई देता येत नाही, म्हणून तो प्रथम काढावा लागतो. नंतर पाणी लावून घासण्याच्या कागदाने अनुक्रमे ४००, ६००, ८००, १,०००, १,५०० व २,००० या क्रमांकांनी पृष्ठभाग घासतात. क्रमांक जितका मोठा, तितके कण बारीक. प्रत्येक टप्प्यात घासण्याची दिशा मागील टप्प्याशी काटकोनात ठेवल्यास जुने ओरखडे पूर्ण गेले की नाहीत, हे लगेच समजते. एखादा टप्पा गाळल्यास त्याच्या आधीच्या टप्प्यातील ओरखडे शेवटच्या चकाकीत अधिकच ठळक दिसतात. अखेरीस ॲल्युमिनियम ऑक्साइडाच्या सूक्ष्म भुकटीचा लेप मऊ सुती कापडाने किंवा कापडी चकतीने चोळतात. चाक हा वाहनाचा भार वाहणारा भाग असल्यामुळे बोल्टांची भोके, तुंब्यावर टेकणारी बाजू व टायर बसण्याची कड येथील धातू झिजविणे धोक्याचे असते. तडा गेलेले किंवा वाकलेले चाक झिलईने उजळते, पण सुरक्षित होत नाही.

टिकाऊपणा : झिलई दिलेल्या उघड्या ॲल्युमिनियमवर हवेतील ऑक्सिजनामुळे काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडाचा थर तत्काळ तयार होतो. तो पारदर्शक व संरक्षक असतो. परंतु मिठातील क्लोराइडामुळे तो ठिकठिकाणी भेदला जाऊन बारीक खड्डे पडतात. म्हणून डहाणू, चिंचणी, बोर्डी व झाई या समुद्रकाठच्या गावांत उघड्या चाकाची चकाकी महामार्गालगतच्या चारोटी, तलासरी यांसारख्या आतील गावांपेक्षा लवकर मंदावणे अपेक्षित असते. पावसाळ्यातील चिखल व ब्रेकमधून उडणारे लोहकण तिची हानी आणखी वाढवितात. मेणाचा लेप काही काळ उपयोगी पडतो, पण काढून टाकलेल्या रोगणाची जागा घेऊ शकत नाही. त्यामुळे एकदा आरसा केलेले चाक पुनःपुन्हा घासावे लागते व प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होतो.

धोके : ॲल्युमिनियमचा सबंध तुकडा सहज पेटत नाही, तथापि त्याची सूक्ष्म धूळ हवेत पुरेशा प्रमाणात तरंगत असताना ठिणगी मिळाल्यास तिचा स्फोट होतो. अमेरिकेतील हंटिंग्टन (इंडियाना) येथील चाकांच्या कारखान्यात २९ ऑक्टोबर २००३ रोजी अशा धुळीच्या स्फोटात एक कामगार मृत्यू पावला. याहून फार मोठी दुर्घटना २ ऑगस्ट २०१४ रोजी चीनच्या जिआंग्सू प्रांतातील कुन्‌शान येथे घडली. मोटारींच्या ॲल्युमिनियम चाकांना झिलई देणाऱ्या कामशाळेत साचलेल्या धुळीचा स्फोट होऊन त्या दिवशी सु. ७५ कामगार मृत्युमुखी पडले. नंतर दगावलेल्या जखमींसह मृतांची संख्या १४६ झाली. धूळ शोषणाऱ्या यंत्रणेतील भुकटी ओलाव्याने तापून पेटली, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. स्वच्छतेचा व वायुवीजनाचा अभाव हे या हानीचे मूळ होते.

ओली ॲल्युमिनियम भुकटी पाण्याशी सावकाश विक्रिया करून हायड्रोजन वायू निर्माण करते. म्हणून ओल्या घासकामातील गाळ बंद डब्यात साठवू नये. पेटलेल्या भुकटीवर पाणी टाकल्यास आग भडकते. ती कोरड्या वाळूने झाकावी लागते. पोलाद घासलेल्या चकतीवरच ॲल्युमिनियम घासल्यास लोहाच्या ऑक्साइडाशी त्याची अतितप्त विक्रिया होऊन ठिणग्या उडू शकतात. पोलाद व ॲल्युमिनियम ही दोन्ही कामे एकाच जागी होत असतील, तेथे ही सूचना विशेष महत्त्वाची आहे. झिलईच्या काही लेपांत सिलिका असते व तिची धूळ दीर्घकाळ फुप्फुसांत गेल्यास सिलिकामयता हा असाध्य रोग जडतो. चाके धुण्याच्या काही तीव्र द्रवांत हायड्रोफ्ल्युओरिक अम्ल किंवा त्याची संयुगे असतात. ती त्वचेतून आत शिरून हाडांपर्यंत इजा करतात व वेदना पुष्कळदा उशिरा जाणवते.

भारतात कारखाने अधिनियम, १९४८ याच्या ३७ व्या कलमात स्फोटक व ज्वालाग्राही धुळीविषयी तरतूद करण्यात आली : यंत्र बंदिस्त करणे, धूळ साचू न देणे व प्रज्वलनाची साधने दूर ठेवणे या तीन गोष्टींवर तिचा भर होता. पण मूळ व्याख्येप्रमाणे विजेचा वापर असल्यास दहा व नसल्यास वीस कामगार असलेली जागाच कारखाना ठरत असे. या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेत हे आकडे अनुक्रमे वीस व चाळीस झाले. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. अंगणात एकट्याने काम करणारा कारागीर दोन्ही कायद्यांच्या व्याख्येबाहेर राहिला. यंत्रे मात्र स्वस्त होऊन त्याच्या हाती आली आहेत. कारखान्याचा वेग घरात आला, कारखान्याची धूळशोषक व्यवस्था आली नाही. या दृष्टीने पाणी लावून हाताने घासण्याची जुनी, संथ पद्धत अधिक सुरक्षित ठरते. कारण तीत झिजलेला धातू हवेत न उडता पाण्याबरोबर वाहून जातो. यंत्र वापरावयाचे झाल्यास ते उघड्या हवेत, चूल व विडीपासून दूर, नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून चालविणे आणि साचलेली भुकटी फुंकून न उडविता रोजच्या रोज ओल्या फडक्याने गोळा करणे आवश्यक असते.